दिव्याचं काम : आपलं किती, वायरमनचं किती?

दिवेलागणीला स्वयंपाकघरातलं बटण दाबावं आणि दिवा लागूच नये! बल्ब बदलून पाहिला तरी तेच. होल्डर जरा हलवला की दिवा लुकलुकतो, हात काढला की पुन्हा गुडुप. मग आपलं ठरलेलं वाक्य : "हे आल्यावर बघतील." हे येतात आठ वाजता, दमूनभागून, म्हणतात, रविवारी बघू. वायरमनला फोन करावा तर एवढ्याशा कामासाठी तो काही फिरकत नाही. आणि आपण चार दिवस मोबाईलच्या उजेडात फोडण्या घालतो!

मैत्रिणींनो, होल्डर बदलणं हे शिवणयंत्राची सुई बदलण्याहून फारसं अवघड काम नाही. फरक एवढाच, की सुई चुकली तर टाके सुटतात आणि इथे चुकलं तर जिवाशी गाठ असते. म्हणून आधी आपली हद्द ठरवून घेऊ या.

ही हद्द मी माझ्या मनाने घालत नाही बरं का. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत, वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावं असं सांगताना काही किरकोळ कामं वगळलेली होती : दिवे, पंखे, फ्यूज, बटणं बदलणं, आणि जोडणीची क्षमता वा स्वरूप ज्याने बदलत नाही अशी साधनं बसवणं. २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नवे सुरक्षा नियम केले, त्यांतही ही सूट राहिली. २०२३ मध्ये ते नियम पुन्हा नव्याने आले, पण विचार तोच आहे. घरच्या भाषेत सांगायचं तर, जुनं काढून त्याच जागी तसंच नवं बसवायचं असेल तर ते आपल्याला करता येईल. नवी तार ओढायची, नवा पॉइंट काढायचा, दिव्याच्या बटणाशेजारी गीझरचा प्लग घ्यायचा, बोर्डातल्या मेनला हात घालायचा, हे सारं वायरमनचं. आणि मीटर व त्याच्या अलीकडची जोडणी वीज कंपनीची. त्या सीलला वायरमननेही बोट लावायचं नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. बटण बंद केलं म्हणजे होल्डरमधली वीज गेली, असं कधीही धरून चालू नका.

असं पाहा, दिव्यापर्यंत दोन तारा येतात. एक फेजची, जिच्यात २३० व्होल्टचा दाब असतो, आणि दुसरी न्यूट्रल, जिच्यातून वीज परत जाते. बटण नेहमी फेजच्या तारेवर असायला हवं, म्हणजे ते बंद केलं की पुढचा होल्डर निर्धास्त. पण घाईत काम उरकणाऱ्या एखाद्याने ते न्यूट्रलच्या तारेवर बसवलं तरी दिवा अगदी नीट लागतो नि विझतो. बिघाड कोणाच्या लक्षातही येत नाही. दिवा विझलेला दिसतो, आणि होल्डरमध्ये फेज तशीच टपून बसलेली! जुन्या घरांत, आणि आधीच्या भाडेकऱ्याने चार ठिकाणी चार हात फिरवलेल्या फ्लॅटमध्ये, हे हमखास आढळतं.

तुमच्या घरी रात्री बटण बंद करूनही एखादा एलईडी दिवा काजव्यासारखा मिणमिणतो का? मुलं म्हणतात भूत आहे! भूतबीत काही नाही. बटणात छोटा लाल दिवा असेल तर त्याच्यातून झिरपणाऱ्या विजेनेही असं होतं, किंवा लांबवर शेजारी शेजारी गेलेल्या तारांमुळेही. पण बटण न्यूट्रलवर असणं हेही त्याचं एक कारण आहे. असा दिवा घरात असेल तर वायरमन पुढच्या वेळी येईल तेव्हा तो पॉइंट त्याच्याकडून तपासून घ्याच.

तेव्हा होल्डरला हात लावण्यापूर्वी मेन बंद करायचा. वाड्यात किंवा चाळीत मीटर जिन्याखाली असतात, चार बिऱ्हाडांचे एकाच फळीवर. तिथे चिनी मातीचा पांढरा फ्यूज असेल तर मेन पाडून तो काढा आणि चक्क कनवटीला लावा. नाही तर आपण स्टुलावर चढलेलो आणि मालिकेची वेळ झाली म्हणून कोणीतरी जाऊन मेन चढवतं! फ्लॅटमध्ये फ्यूज काढता येत नाही, तिथे मेनवर चिठ्ठी चिकटवा आणि घरात सर्वांना ओरडून सांगा.

आणि घरात इन्व्हर्टर असेल तर? हे फार जणींच्या लक्षात येत नाही. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानेइतबारे त्याच दिव्यांना वीज पुरवू लागतो. म्हणून मेनबरोबर इन्व्हर्टरही बंद करायचा.

त्यानंतर टेस्टर. स्क्रू ड्रायव्हरसारखा दिसणारा हा टेस्टर घरात असायलाच हवा. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. त्याच्या डोक्यावरच्या धातूच्या टोपीला बोट टेकवायचं आणि टोक तारेला लावायचं. आतला छोटा दिवा लागला तर फेज आहे. पण टेस्टर न लागणं हा वीज नसल्याचा पुरावा नव्हे, तो टेस्टरच बिघडलेला असू शकतो. म्हणून मेन पाडण्याआधी चालू प्लगमध्ये त्याची परीक्षा घ्या, मग होल्डरमध्ये दोन्हीकडे लावून बघा, आणि काम संपवून मेन चढवल्यावर पुन्हा एकदा प्लगमध्ये.

हात कोरडे हवेत, पायात रबरी चप्पल हवी. नुकतंच नहाणं झालेलं असेल, केस ओले असतील तर हे काम दुपारवर टाका. हातातल्या सोन्याच्या, धातूच्या बांगड्या काढून ठेवा, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत सारा, पदर खोचून घ्या. डब्यावर डबा ठेवून त्यावर चढणं अजिबात नको! शॉक बसला नाही तरी त्याने दचकून पडायला वेळ लागत नाही. लाकडी स्टूल घ्या आणि ते धरायला कोणीतरी असू द्या.

जुन्या होल्डरचं झाकण फिरवून काढलं की दोन स्क्रूंत अडकलेल्या दोन तारा दिसतात. सोडवण्याआधी मोबाईलवर त्याचा एक फोटो काढून ठेवा. आपल्याकडच्या पिनच्या होल्डरमध्ये कोणती तार कोणत्या बाजूला जाते याने फरक पडत नाही. आटे असलेल्या, फिरवून बसवायच्या बल्बच्या होल्डरमध्ये मात्र पडतो. तिथे फेज मधल्या तळाच्या पत्रीलाच गेली पाहिजे. उलटी लागली तर बल्ब फिरवताना बोट लागतं तो आट्यांचा पत्राच जिवंत होतो. फॅन्सी दिव्यांत हे आट्यांचे होल्डर आता सर्रास येतात, आणि दुकानदार ही गोष्ट सांगत नाही.

तारेचं टोक काळं पडलं असेल तर तेवढं कापा आणि एक सेंटीमीटरभर आवरण सोला. कात्रीने नाही, दातांनी तर नाहीच! वायर सोलायचा चिमटा मिळतो, तो घ्या. तांब्याचे तंतू पीळ देऊन एकजीव करा, स्क्रूखाली घालून पक्के आवळा आणि तार हलकेच ओढून बघा. एकही तंतू बाहेर राहता कामा नये. बहुतेक लुकलुकणाऱ्या दिव्यांचं दुखणं या सैल स्क्रूत नाही तर होल्डरच्या मऊ पडलेल्या स्प्रिंगमध्ये असतं. सैल सांध्यापाशी उष्णता होते, आणि आगीची सुरुवात अशाच ठिकाणी होते. म्हणून लुकलुकणारा दिवा "चालतोय तोवर चालू दे" म्हणून ठेवू नये.

आता थांबायचं कुठे, तेही ऐका. झाकण काढल्यावर दोनाऐवजी तीन-चार तारा निघाल्या तर अंदाज बांधत बसू नका. तिथून पुढच्या पॉइंटला वीज गेलेली असते. तारेचं आवरण पापडासारखं तुटू लागलं, तरी थांबा. आत तांब्याऐवजी चंदेरी अॅल्युमिनिअमची तार दिसली, जशी काही दशकांपूर्वी बांधलेल्या पुष्कळ घरांत आहे, तरी थांबा. ती एक-दोनदा वाकवली की तुटते, आणि तांब्याशी नुसती पिळून जोडली की सांधा तापत राहतो. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग हा रंगांचा संकेत चांगला आहे, पण जुन्या घरात रंगावर विसंबू नये. रिळात जी तार उरली ती वापरणारे महाभाग आहेतच!

धातूचा दिवा किंवा झुंबर आणणार असाल तर आधी छतातून हिरवी तार आली आहे का ते बघा. नसेल तर प्लास्टिकचा दिवा घ्या किंवा वायरमनकडून अर्थिंग ओढून घ्या. जुन्या ट्यूबच्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवायची असेल तर तेही त्याच्याकडेच द्या. काही ट्यूबना वीज एका टोकाने लागते, काहींना दोन्ही, आणि आतल्या चोकचं काय करायचं ते त्यावर ठरतं. अख्खी नवी एलईडी पट्टी घेणं बरेचदा सोपं पडतं.

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर स्टूलसुद्धा काढायचं नाही, थेट फोन लावायचा. नळाला, फ्रिजला किंवा कपडे धुवायच्या यंत्राला हात लावताच झिणझिण्या येतात. पावसाळ्यात भिंत ओली झाली आहे आणि बोर्ड चावतो. बोर्ड कोमट लागतो, जळका वास येतो. बसवलेला फ्यूज लगेच पुन्हा जातो. अशा वेळी जाड तार घालून "पक्का" करणं म्हणजे राखणदारालाच बांधून ठेवणं. प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतो पण दिवा लागत नाही, तेव्हा न्यूट्रल तुटलेली असते. आणि एका खोलीतले दिवे भगभगीत, दुसरीतले मंद असं झालं तर आधी मेन पाडा. बाहेरची न्यूट्रल सैल झाली असण्याचा संभव असतो; बिलावरच्या तक्रार क्रमांकावर वीज कंपनीला कळवा, नाही तर फ्रिज-टीव्ही जळायला वेळ लागत नाही.

"पण आमच्याकडे एमसीबी आहे ना, तो पडतो की!" असं बऱ्याच जणी म्हणतात. थोडा हिशेब करू. ९ वॉटचा एक दिवा लागायला सुमारे ४० मिलिअँपिअर वीज लागते. शरीरातून ३० मिलिअँपिअर वाहत राहिली तरी माणसाचं बरंवाईट होऊ शकतं. आणि दिव्यांच्या लाइनवरचा लहानात लहान नेहमीचा एमसीबी असतो ६ अँपिअरचा, म्हणजे ६००० मिलिअँपिअरचा. २०० पट! तो तारांना जळण्यापासून वाचवतो. तुम्हाआम्हाला शॉकपासून वाचवायला तो नाहीच. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. दुकानात त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. गेलेली वीज तेवढीच परत येते आहे ना, यावर त्याची नजर असते. वाटेत कोणाच्या अंगातून जमिनीत गळू लागली की तो डोळ्यांचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. मात्र दोन्ही तारा दोन हातांत धरल्या तर त्यालाही कळत नाही, हेही लक्षात असू द्या. त्यावर एक छोटं चाचणीचं बटण असतं. महिन्या-दोन महिन्यांतून ते दाबायचं, खटका पडला पाहिजे. नाही पडला तर बदलून घ्या. घरात आरसीसीबी नसेल तर पुढच्या दिवाळीच्या खरेदीत झुंबराच्या आधी तो लिहा.

दिवाळी म्हटलं की आठवलं. आकाशकंदिलाची नाही तर गणपतीच्या आरासीतल्या माळेची उघडी टोकं प्लगमध्ये घालून काडेपेटीच्या काड्या खुपसायची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. दहा रुपयांची पिन वाचवायची नि लहान मुलं तिथेच खेळायची! शिवाय कंदिलाची वायर गॅलरीच्या लोखंडी कठड्याला घासत असते, खाली कपड्यांची तार. कपडे वाळत घालायला लोखंडी तार नकोच, नायलॉनची दोरी बांधा.

कोणाला शॉक बसून तो चिकटलाच, तर त्याला हात लावू नका, आधी मेन पाडा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला बाजूला करा. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन लावायला सांगून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा, रुग्णवाहिका येईपर्यंत.

वायरमन निवडताना त्याचा परवाना विचारायला संकोचू नका. आयटीआयमधून तारतंत्री किंवा वीजतंत्रीचा अभ्यासक्रम केलेली मुलं आता गावोगाव आहेत. मी बघते ते एवढंच, की आल्या आल्या तो आधी टेस्टर काढतो की पक्कड. "मेन कशाला बंद करायचा ताई, मला सवय आहे," म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं. सामान आयएसआय खुणेचंच आणायला सांगा आणि पावती घ्या. काम झाल्यावर त्याच्या समोर प्रत्येक बटण बंद करून होल्डरमध्ये टेस्टर लावून दाखवायला सांगा. तो कुरकुर करील, करू द्या. आणि तो निघण्यापूर्वी कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा हे विचारून, चिकटपट्टीवर ठळक मराठीत लिहून, बोर्डावर लावून टाका.