जलभंजन

खडकाच्या पोटात दाबाने पाणी घुसवून त्याच्या बुजलेल्या संधी मोकळ्या करावयाच्या, या क्रियेला आपल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने जलभंजन असे नाव दिले आहे. आणि जिच्यावरून अमेरिकेत व इंग्लंडात एवढा वाद माजला, ती शेल खडकातील वायू काढण्याची युक्ती तत्त्वतः याच क्रियेची थोरली बहीण होय, हे आटलेल्या हातपंपाभोवती घागरी मांडून बसणाऱ्या धाराशिवकरांच्या क्वचितच ध्यानात येते.

क्रिया साधी आहे. विंधन विहिरीत अखंड काळ्या दगडाच्या पातळीवर रबरी बूच फुगवून बसवितात, त्याखाली पंपाने पाणी दाबतात, आणि मातीने कोंदलेल्या भेगा धुऊन निघाल्या की दूरच्या भेगांशी त्यांचा सांधा जुळतो. येथे वाळू नाही, रसायने नाहीत. शेल वायूसाठी मात्र दोन्ही लागतात, आणि पाणी लागते ते अफाट: अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०१६ च्या अंतिम अहवालात एका विहिरीमागे मध्यक प्रमाण सुमारे ५७ लाख लिटर दिले आहे, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या ५७० खेपा. याच संस्थेच्या २०१५ च्या मसुद्यात पेयजलावर व्यापक परिणामाचा पुरावा नसल्याचे विधान होते. शास्त्रज्ञांच्या सल्लागार मंडळाने त्याचा आधार विचारल्यावर ते गळले, आणि टंचाईच्या काळातील उपसा, सदोष आवरणनळ्या, सांडलेली रसायने व मातीच्या खड्ड्यांत सोडलेले सांडपाणी यांमुळे पाणी बिघडू शकते, असे अंतिम अहवालाने नमूद केले. सरकारी संशोधनाने आपलेच वाक्य मागे घ्यावे, याला मी त्या संशोधनाची प्रतिष्ठा समजतो.

आपल्या जिल्ह्यात शेल वायूचा प्रश्न उद्भवत नाही, आणि तसे म्हणण्याचा आधार फार मोठ्या दुःखातून आला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली असता, किल्लारीपासून सास्तूरपर्यंत भूकंपाने दगडमातीची घरे कोसळून हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतर हैदराबादेच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने शेजारच्या किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. वर ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली अवघा ८ मीटर गाळाचा थर, आणि मग अतिप्राचीन मूळ खडक! वायू साठविणारा शेल तेथे नाही. भारतात शेल वायू पहिल्यांदा वाहता झाला जानेवारी २०११ मध्ये, पश्चिम बंगालच्या दामोदर खोऱ्यात.

परंतु त्या भूकंपाने एक शंका मागे ठेवली. लोहारा तालुक्यातील माकणीचा निम्न तेरणा जलाशय जवळच असल्याने, खडकात मुरलेल्या पाण्याच्या दाबाने जुना भ्रंश निसटला की काय, असे काही भूशास्त्रज्ञांनी विचारले. इतरांना ते पटले नाही, आणि वाद मिटला नाही. इंग्लंडात लँकेशायरमधील प्रीस हॉल येथे २०११ साली शेल वायूसाठी दाबलेल्या अशाच पाण्याने २.३ तीव्रतेचा धक्का बसला होता. जलभंजनाचा दाब अल्पकाळचा, त्याचे क्षेत्र लहान. त्याच्यापासून भूकंपाचे भय बाळगण्याचे कारण मला दिसत नाही.

माझी चिंता वेगळी आहे. भेग उघडल्याने पाऊस वाढत नाही. जे पाणी उद्या शेजाऱ्याच्या विहिरीत उतरले असते ते आज आपल्या बोअरला लागते, एवढेच घडण्याचाही संभव असतो. यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजते. ज्या गावी जलभंजन होईल, तेथील आसपासच्या विहिरींची पातळी आणि पाण्याची परीक्षा क्रियेपूर्वी व क्रियेनंतर याच चार मुदतींना व्हावी, आणि तो तक्ता तहसिलीच्या बासनात न बांधता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. म्हणजे शेजारचा हातपंप चालू झाल्यावर ज्याची विहीर खाली गेली, त्याला तक्रारअर्जास जोडावयाला एक दाखला तरी हाती राहील.