नव्या मोटारीची पहिली खोच

जबलपूरच्या बडा फुहाऱ्याच्या गर्दीत माझी महिन्याभराची मोटार मागे घेताना एका हातगाडीवर आदळली. कोणास इजा झाली नाही. हातगाडीचे चाक वाकले, माझा बंपर फुटला. अशा वेळी थेट मिस्त्रीकडे धावू नये. प्रथम विमा कंपनीस कळवावे व पाहणीनंतरच दुरुस्ती करावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा हातगाडीवाल्याची हानी भरून देतो, आपली नव्हे. सर्वंकष विम्यातही, घसारामाफी घेतली नसल्यास, प्लॅस्टिकच्या भागांवर सामान्यतः ५० टक्के कपात होते. पत्र्यावर पहिल्या सहा महिन्यांत मुळीच नाही. शिवाय दावा केल्यास विनादावा वर्षाची २० टक्के सवलत जाते. म्हणून आधी हिशेब मांडावा. लहानसा खर्च पदरचा सोसणेच पुष्कळदा परवडते.