आकडा थांबला, पेट्रोल नाही

इंग्लंडमधल्या बन्सफील्ड तेलसाठ्यात ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे ९१२ क्रमांकाच्या टाकीत पाइपलाइनने पेट्रोल भरलं जात होतं. तीनच्या सुमारास कंट्रोल रूममधला पातळीचा आकडा जागीच थांबला. पेट्रोल मात्र येतच राहिलं. साडेपाचनंतर टाकी वाहू लागली. अडीच लाख लिटरांहून अधिक पेट्रोल सांडलं, वाफेचा ढग पसरला आणि सहा वाजून एक मिनिटाने स्फोट झाला. चाळीसहून अधिक माणसं जखमी झाली. रविवारची पहाट होती. परिसरात वर्दळ नव्हती, म्हणून जीव वाचले.

पातळी मोजण्याची जुनी पद्धत म्हणजे डिप टेप. छतावर चढायचं, झाकण उघडायचं, पितळी वजन लावलेली पोलादी टेप तळाला टेकेपर्यंत सोडायची आणि वर ओढून ओली खूण वाचायची. पेट्रोल झटकन उडून जातं, म्हणून टेपला आधी पेस्ट लावतात; पेट्रोल लागेल तिथपर्यंत तिचा रंग बदलतो. ही अचूकता महत्त्वाची, कारण तीस मीटर व्यासाच्या टाकीत एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ७०० लिटर.

आता अनेक मोठ्या टाक्यांवर रडार असतं. छतावरून सोडलेली लहर दहा मीटर खालच्या द्रवावर आपटून सुमारे ६७ नॅनोसेकंदांत परत येते. इतक्या कमी वेळातून मिलिमीटरचा फरक थेट काढणं अवघड. म्हणून लहरीची वारंवारता सतत बदलत ठेवतात आणि जाणाऱ्या व परतणाऱ्या लहरींच्या वारंवारतेतल्या फरकावरून अंतर काढतात. द्रवाला स्पर्श नाही, त्यामुळे अडकणारा भागही नाही.

तरीही एकाच उपकरणावर विसंबून चालत नाही. पातळी धोक्याच्या खुणेच्या वर गेली की आवक तोडणारा स्वतंत्र स्विच लागतो. बन्सफील्डला तो होता, पण चालला नाही. त्याची चाचणीची कळ योग्य जागी धरून ठेवणारं साधं कुलूप बसवलेलंच नव्हतं. ते कशासाठी असतं, हे बसवणाऱ्यांना नीट कळलं नव्हतं.

म्हणून टाक्या सांभाळणाऱ्या प्रत्येकाने दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. सुरक्षेचा स्विच ठरल्या वेळी तपासावा आणि चाचणीनंतर तो पुन्हा कामाच्या स्थितीत आणल्याची खात्री करावी. आणि भरणा चालू असताना आकडा हलत नसेल, तर आधी आवक बंद करावी, उपकरण मग तपासावं.