मालवणचे पाण्याखालचे अभयारण्य

सलग दोन सुट्या जोडून आल्या, की राजारामपुरीतील गल्ल्यांतून पहाटेच गाड्या कोकणाकडे निघतात. राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाटमार्गे मालवण सुमारे दीडशे किलोमीटर. या एका रस्त्यावर दोन अभयारण्ये लागतात, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते. पहिले राधानगरीचे, गव्यांसाठी प्रसिद्ध आणि २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झालेले. दुसरे मालवणचे. त्याला ना कुंपण, ना कमान. कारण ते समुद्रात आहे.

१९८७ मध्ये मालवणच्या किनाऱ्यालगतचे सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यातील जेमतेम सव्वातीन चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र असून सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्यातच येतात. किल्ला पाहण्यासाठी होडीत बसणारा प्रत्येक पर्यटक अशा रीतीने अभयारण्यातूनच प्रवास करतो. या किल्ल्याशी कोल्हापूरचे नाते जुने. १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधकाम सुरू झालेला हा जलदुर्ग पुढे करवीर राज्याकडे होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो काही काळासाठी जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नावही दिले होते. १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या यादीत पन्हाळा आणि सिंधुदुर्ग या दोघांनाही स्थान दिले.

किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ वाढते. प्रवाळ दिसते दगडासारखे, पण असते ते सूक्ष्म प्राण्यांची वसाहत. या प्राण्यांच्या शरीरात राहणारे शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्याचा मोठा वाटा यजमानाला मिळतो. पाण्याचे तापमान नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. गढूळ पाण्यात प्रकाश पोहोचत नाही, तेव्हाही त्याची उपासमार होते. उथळ पाण्यात डुंबताना दम लागला म्हणून त्यावर उभा राहणारा हौशी पर्यटक आणि खडकावर फेकलेला होडीचा नांगर, हे दोघे तर वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडतात. आठवण म्हणून तुकडा घरी नेणे हा गुन्हाच आहे. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे.

मग हे अभयारण्य कागदावरच का राहिले? घोषणेला पहिला विरोध झाला तो मच्छीमारांचा. अभयारण्य म्हणजे मासेमारी बंद, अशी भीती किनाऱ्यावर पसरली आणि ती निराधार म्हणता येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढणाऱ्यांना विश्वासात घेण्याचे काम आधी व्हायला हवे होते. वास्तविक या छोट्या मच्छीमारांचे खरे भांडण पर्ससीन जाळ्यांशी आहे, ज्यावर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले. माशांच्या पैदाशीची जागा राखली गेली, तर लाभ त्यांनाच अधिक. पण ही गोष्ट हुकूमनाम्यातून पटत नाही.

या बाबतीत वेंगुर्ले अधिक शहाणे निघाले. तेथील मांडवी खाडीत महिला बचत गटाच्या सदस्या स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. झाडे उभी राहिली तरच आपला रोजगार, हा हिशेब त्यांना कोणी समजावून सांगावा लागत नाही. मालवणात होडीवाले, पाणबुडे आणि न्याहारी-निवासवाले यांचा असा हिशेब अद्याप जुळायचा आहे.

पावसाळ्यात, साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत, किल्ल्याची होडीवाहतूक बंद असते. पाणी नितळ होण्यासाठी दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. समुद्रात उतरण्यापूर्वी होडी नांगर कोठे टाकणार, एवढे होडीवाल्याला विचारायला हरकत नसावी.