मण्यारीचा दंश आणि मोबाइलचा सल्ला

भातलावणीचे दिवस. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर दमलेली माणसे जमिनीवरच पथारी टाकतात. रात्री मण्यार चावते. तिचे दात इतके बारीक, की झोपलेल्याला बहुधा कळतही नाही. सूज नाही, वेदना नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, थुंकी गिळवत नाही. घरचे म्हणतात, रात्रीचे काही बाधले. कोणी भगताकडे धावतो, कोणी आरोग्य केंद्राकडे. तिथे नुकताच रुजू झालेला बंधपत्रित डॉक्टर. साप कोणी पाहिलेला नाही, अंगावर खूण नाही. प्रतिविष द्यायचे का? इथेच ठेवायचे, की उपजिल्हा रुग्णालयात धाडायचे?

अशा घडीला मोबाइलवर नेमके प्रश्न विचारून पुढची पायरी सुचवणारे साधन असावे, ही कल्पना मोहवणारी आहे, आणि जुनीही. इंग्लंडमधील लीड्स येथे १९७२ साली पोटदुखीच्या ३०४ रुग्णांवर संगणक आजमावला गेला. त्याचे निदान ९१.८ टक्के रुग्णांत बरोबर आले. ज्येष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के. आपल्याकडे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत निरक्षर दाईच्या हाती मणी सरकवून बाळाचे श्वास मोजण्याचे साधे साधन दिले. तेही निर्णयाला मदतच करीत होते, विजेशिवाय.

सर्पदंशाने भारतात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सर्पदंश प्रकल्पासाठी निवडलेल्या तालुक्यांत शहापूरही आहे. तेव्हा इथे नवे साधन आखायचे, तर आधी काय पाहावे?

एक उदाहरण घ्या. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय आला, की रक्त कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही, तर विष भिनले. पण नळी प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल, तर उत्तर चुकते. आणि मण्यारीच्या विषाने रक्त बिघडतच नाही! ‘रक्त गोठले, म्हणजे धोका नाही’ असे यंत्राने सांगितले, तर ते रुग्णाचा घात करील. म्हणून पापण्यांचा प्रश्न आधी यायला हवा. कपाटात प्रतिविष किती, श्वास देण्याची पिशवी आहे का, १०८ ची गाडी कुठे, हे प्रश्नही त्याच यादीत हवेत. आणि रेंज नसली तरी ते चालले पाहिजे.

साधन वापरणाऱ्यांना कोणी विचारतो का, हा खरा मुद्दा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन अपुरे, आणि नवे अॅप इंग्रजीत! आम्ही बँकवाल्यांनीही हे अनुभवले आहे. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर शाखांत यंत्रे आली, तेव्हा कित्येक दिवस खतावणीही लिहायची आणि यंत्रातही भरायचे, असा दुहेरी जाच होता. आशाताईंच्या वह्या आणि अॅप यांचे आज तसेच होऊ नये.

बँकेत प्रत्येक नोंदीवर दोन सह्या असत: करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. चूक झाली, की कोणाला विचारायचे हे ठाऊक असे. मोबाइलचा सल्ला चुकला, तर सही कोणाची? तरुण डॉक्टरची, आशाताईची, की मुंबईत बसून कार्यक्रम लिहिणाऱ्याची? हे पहिल्याच बैठकीत ठरावे. तोवर खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढा उपाय तर प्रत्येक पाड्यावर आजच पोचवता येईल.