आडोसा नसलेल्या मुलखातली थंडी

मराठीत थंडीला ‘गुलाबी’ हे विशेषण सहज चिकटते. आम्ही कवींनी ते इतके वापरले आहे, की थंडी म्हणजे शाल, शेकोटी आणि वाफाळता चहा, एवढेच डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात मात्र हे विशेषण कुणाला सुचणार नाही.

या राज्यात किडर नावाची काउंटी आहे. विस्तार सुमारे साडेतीन हजार चौरस किलोमीटर आणि वस्ती अडीच हजारांच्या आत. सगळा शेतीचा, गुराढोरांचा मुलूख. ६ जुलै १९३६ रोजी तिथल्या स्टील गावात पारा ४९ अंश सेल्सिअसवर गेला. त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला याच राज्यातल्या पार्शल गावी तो उणे ५१ अंशांवर उतरला होता. पाच महिन्यांत शंभर अंशांची तफावत! पाणी गोठण्यापासून उकळण्यापर्यंत तेवढेच अंतर असते.

असे का व्हावे? पॅरिस तर स्टीलपेक्षाही उत्तरेला आहे. पण त्याला समुद्राची ऊब मिळते. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. जमिनीला तेवढा धीर नसतो. नॉर्थ डकोटा खंडाच्या ऐन मध्यावर, समुद्रापासून दूर. पश्चिमेचे रॉकी पर्वत पॅसिफिकवरची सौम्य हवा अडवतात. पण ते दक्षिणोत्तर पसरलेले असल्याने ध्रुवाकडून येणाऱ्या वाऱ्याला आडकाठी होत नाही. आपल्याकडे हिमालय आडवा उभा आहे, म्हणून मध्य आशियातला गारठा दारात येत नाही.

तिथे जीव घेते ती नुसती थंडी नव्हे, तिची अचानक पडणारी झडप. १२ जानेवारी १८८८ ची सकाळ त्या मानाने उबदार होती. मुले साध्या कपड्यांत शाळेत गेली. मग उत्तरेकडून वादळ आले. पिठासारख्या बारीक बर्फात समोरची वाट दिसेना. डकोटा, नेब्रास्का या भागांत सुमारे २३५ माणसे दगावली. त्यांत शाळेतून घरी निघालेली पुष्कळ मुले होती. तेव्हा हवामानाचा अंदाज लष्कराचे सिग्नल खाते तारेने कळवी. पण शेतावरच्या एकट्या घरापर्यंत तार पोचत नव्हती.

पुढे माणसांनी स्वतःच आडोसे केले. १९३५ ते १९४२ या काळात सरकारने मैदानी राज्यांत वारा अडवण्यासाठी २० कोटींहून अधिक झाडे रांगांनी लावली. आज कडाक्याच्या रात्री मोटारीचे इंजिन विजेवर गरम ठेवतात. प्रवासाला निघताना गाडीत घोंगडी आणि फावडे घेतात. वादळाचा इशारा रेडिओवरून दूरच्या वस्तीवरही ऐकू येतो. १८८८ च्या त्या सकाळी असा आवाज घरोघरी पोचला असता, तर ती मुले दप्तर बाजूला ठेवून शेगडीपाशी बसली असती.