वाटाड्या पुस्तकाची पारख

मुंबई-हावडा लोहमार्गावर भंडारा रोड नावाचे स्थानक आहे. ते भंडारा शहरात नाही, वरठीला आहे. तुमसर रोडचेही तसेच, ते देव्हाडीत. जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक असते. परगावच्या पाहुण्याला मात्र कोणीतरी सांगावे लागते. भंडाऱ्याचा माणूस पॅरिसला निघाला की तोच परगावचा पाहुणा होतो. स्वस्त तिकिटाच्या मोहात तो ज्या ‘पॅरिस-बोव्हे’ विमानतळावर उतरतो, तो शहरापासून सुमारे 85 किलोमीटर दूर आहे. लंडनचा स्टॅनस्टेड आणि टोकियोचा नारिता हेही शहरापासून साठेक किलोमीटरवर. परदेशातल्या मोठ्या शहराचे मार्गदर्शक पुस्तक घेताना पहिली पारख इथेच करावी. हे अंतर, तिथून शहरात यायची साधने आणि रात्री उशिरा उतरल्यास काय करायचे, हे त्यात आहे का? आयफेल टॉवरचे कौतुक काय, कोणतेही पुस्तक करते.

अशा पुस्तकांचे मूळ आपण युरोपात शोधतो. पण मराठीत त्या जातीचा एक ग्रंथ चौदाव्या शतकातच तयार झाला होता, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. तो ग्रंथ म्हणजे महानुभाव पंथाची ‘स्थानपोथी’. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात महाराष्ट्रभर पायी हिंडले. विदर्भातल्या त्या भ्रमंतीत ते भंडाऱ्याला आले आणि इथले नीळभट्ट भांडारेकार त्यांच्यामागे निघाले. स्वामी जिथे बसले, निजले, जेवले, त्या जागा अनुयायांना वंदनीय ठरल्या. पण स्वामी गेल्यानंतर त्या नेमक्या सापडायच्या कशा? मुनिव्यासांच्या नावावर असलेल्या या पोथीने तो प्रश्न सोडवला.

तिची रीत पाहण्यासारखी आहे. आधी गाव. मग गावाच्या कोणत्या बाजूला देऊळ, देवळाचे तोंड कोणत्या दिशेला, आतली नेमकी जागा कोणत्या कोपऱ्यात, आणि तिथे काय घडले. वर्णनाचा फुलोरा जवळजवळ नाहीच. दिशा मात्र चुकत नाही. पैठणसारखे त्या काळचे मोठे नगरही ती याच पद्धतीने उलगडते. स्वामींच्या लघुशंकेच्या जागासुद्धा ‘परिश्रय’ म्हणून तीत नोंदलेल्या आहेत. हसण्यावारी नेऊ नका. परक्या महानगरात दुपारी दोन वाजता प्रवाशाला जी माहिती सर्वांत आधी हवी असते, ती कित्येक चकचकीत पुस्तकांत आजही मिळत नाही. वि. भि. कोलते यांनी ही पोथी संपादित करून छापली. यादवकालीन गावे आणि देवळे यांचा अभ्यास करणारे तिचा आधार घेतात, आणि त्या स्थानांवर बांधलेल्या ओट्यांना वंदन करायला महानुभाव भाविक अजून जातात.

युरोपात छापील मार्गदर्शकांना शिस्त आली ती एकोणिसाव्या शतकात. लंडनच्या जॉन मरे यांचे पहिले ‘हँडबुक’ 1836 साली निघाले आणि जर्मनीत कार्ल बेडेकर यांनी तोच मार्ग अधिक काटेकोरपणे चालवला. त्यांची एक गोष्ट सांगतात. मिलानच्या कॅथेड्रलच्या छतावर चढताना दर वीस पायऱ्यांना ते एका खिशातला वाटाणा दुसऱ्या खिशात टाकत आणि उतरताना तोच हिशेब उलटा करून आकडा पडताळून घेत. महत्त्वाच्या स्थळांपुढे तारका छापण्याची त्यांची पद्धत जगभर पसरली. या ख्यातीला एक काळी बाजूही आहे. 1942 मध्ये जर्मन विमानांनी एक्झिटर, बाथ, यॉर्क अशा इंग्लंडमधल्या ऐतिहासिक शहरांवर बाँब टाकले, ते हल्ले ‘बेडेकर हल्ले’ म्हणूनच ओळखले जातात.

मराठी वाचकाजवळ शहर समजून घेण्याची पुस्तके पूर्वीपासून आहेत. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 सालचे. पुलंची ‘अपूर्वाई’ आणि मीना प्रभूंचे ‘माझं लंडन’ तर कित्येक घरांत सापडतील. लंडनला जाण्याआधी ती जरूर वाचावीत, पण त्यांच्या भरवशावर बस पकडू नये. प्रवासवर्णन लेखकाची नजर देते. मार्गदर्शिकेचे काम वेगळे, आणि ते दरवर्षी शिळे होते.

शिळेपणा ओळखायला स्वतःचा जिल्हा फार उपयोगी पडतो. ज्या प्रकाशकाचे पुस्तक घ्यायचे, त्याचीच भारतावरची मार्गदर्शिका ग्रंथालयात किंवा दुकानात उघडा आणि विदर्भाची पाने वाचा. नवेगावबांध भंडारा जिल्ह्यात असल्याचे लिहिले असेल, तर तो मजकूर 1 मे 1999 च्या आधीचा आहे; त्या दिवशी गोंदिया वेगळा जिल्हा झाला. मुखपृष्ठावर ‘नवी आवृत्ती’ असे कितीही ठळक छापलेले असो. आपल्या अंगणाबद्दल जो चुकतो, त्याच्यावर दूरच्या शहरासाठी विसंबण्याचे कारण नाही.

परक्या शहरांनाही अशा खुणा असतात. लंडनच्या पुस्तकात एलिझाबेथ लाइन नसेल, तर ते मे 2022 पूर्वीचे. टोकियोचा मासळीचा घाऊक बाजार अजून त्सुकिजीलाच भरत असल्याचे म्हटले असेल, तर ऑक्टोबर 2018 पूर्वीचे, कारण तो तोयोसूला हलला. 2019 च्या आगीनंतर बंद राहिलेले पॅरिसचे नोत्र दाम डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा उघडले. पुस्तक ते बंद सांगत असेल तर परत ठेवा. सुट्टीचे वारही तपासा: लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते.

मोबाइलवर नकाशा असताना पुस्तक कशाला, असे कोणी विचारेल. नकाशा रस्ता दाखवतो; चार दिवसांत काय पाहावे आणि काय सोडावे, हे तो सांगत नाही. तेव्हा देशभराच्या जाडजूड ग्रंथापेक्षा एकाच शहराचे हलके पुस्तक घ्यावे, ज्यात रस्त्यांच्या सूचीसह नकाशा असेल आणि शाकाहारी जेवणाची माहिती केवळ तोंडी लावण्यापुरती नसेल. आतल्या पानावर आवृत्तीचे साल पाहा आणि ते पुनर्मुद्रणाचे आहे की सुधारित आवृत्तीचे, हेही पाहा. साल छापलेलेच नसेल, तर ते पुस्तक विकत घेऊ नका.